मँड्रेल धरायचा कुठे?

सुरुवातीलाच माफी मागून टाकते. माझी दहावीपर्यंतची शाळा कॉन्व्हेंटची. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाईड. "तू फक्त लिही, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो," असं मराठी विभागाच्या संपादकांनी सांगितलं म्हणून हे धाडस. त्यातून विषय असा निवडलाय की निम्मे शब्द वर्कशॉपचे. 'मँड्रेल'ला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. आजीला फोन केला. तिला आधी वाटलं मी औषधाबद्दल विचारतेय! मग सगळं समजावून सांगितलं, की एक बारीक लोखंडी दांडा असतो, त्यावर लाकडाचा तुकडा ओवायचा आणि तो दांडा मशीनवर गरगर फिरवायचा. आजी म्हणाली, "मग चरख्याच्या चातीसारखं काहीतरी म्हण ना! आम्ही शाळेत सूत कातायचो. चाती जराशी वाकडी झाली की सूत तुटायचं, आणि बाई मात्र आम्हालाच ओरडायच्या."

आजीच्या या एका वाक्यात माझा अख्खा लेख आहे. फक्त आमच्या बाबतीत ओरडा चातीला नाही, मशीनला बसला. आणि ओरडणारी मी होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (कॉम्प्युटरवाल्यांनो, पान उलटू नका!). आपल्या हॉबी क्लबमध्ये आम्ही लाकडाची पेनं करतो. ड्रॉइंग हॉलमधली मोडकी सागवानी स्टुलं वर्षानुवर्षं जिन्याखाली पडून होती. त्यांच्या पायांचे तुकडे कापायचे, मधून भोक पाडायचं, त्यात किटमधली पितळेची नळी चिकटवायची. नळी बाहेरून साधारण 7 मिलिमीटरची. हे तुकडे मँड्रेलवर ओवायचे. मँड्रेल म्हणजे जेमतेम सव्वासहा मिलिमीटर जाडीचा दांडा. तुकड्याच्या दोन्ही टोकांना स्टीलचे बुश, शेवटी नट. मग लेथवर फिरवून लाकूड बुशच्या मापाला येईपर्यंत कापायचं, पॉलिश पेपर मारायचा, आणि टोपण, निब, क्लिप दाबून बसवायचं. झालं पेन. ऐकायला सोपं आहे. राजमहेंद्रीची एबोनाइटची पेनं तर गांधीजींच्या काळापासून लेथवर घडतात, तेव्हा आपण काही जगावेगळं करत नाही.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या स्टॉलसाठी आम्ही 22 पेनं केली. त्यातली 9 फेकावी लागली. लाकूड तडकलं नव्हतं, पॉलिशही झकास होतं. पण जिथे लाकूड संपतं आणि धातूची कडी सुरू होते, तिथे एका बाजूला नख अडकायचं आणि बरोबर उलट बाजूला कडी वर आलेली असायची. म्हणजे लाकूड गोल होतं, पण नळीभोवती गोल नव्हतं. एका बाजूची भिंत जाड, दुसरीकडची पातळ.

आम्ही काय केलं? इंजिनियरिंगचे विद्यार्थी जे करतात तेच. दोष मशीनवर ढकलला. चार नंबरचं लेथ आपल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठं आहे. त्याचा रंग उडालाय, बेल्टचं कव्हर तारेने बांधलंय. मी मेंटेनन्स रजिस्टर उघडलं आणि माझ्या सुंदर कॉन्व्हेंटी अक्षरात लिहून टाकलं, 'मशीन नं. 4, सेंटर आऊट, अचूक काम होत नाही.' खाली सही. विषय संपला.

विषय संपला नव्हता. जानेवारीत वर्कशॉपच्या दारावर निर्लेखनाची यादी लागली. निर्लेखन म्हणजे सरकारी मराठीत भंगारात काढणं, हा शब्दही मला तेव्हाच कळला. यादीत चार नंबर होता, आणि कारणाच्या रकान्यात जवळजवळ माझंच वाक्य होतं. त्या मशीनवर जे मामा आयुष्यभर उभे राहिले, ते येत्या जूनमध्ये निवृत्त होतायत. ते मला काही बोलले नाहीत. यादीसमोर चष्मा पुसत उभे होते एवढंच मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर म्हणाले, "पोरी, थांब जरा. डायल गेज घेऊन ये."

पुढचा अर्धा तास मी तीन वर्षांत कुठल्याही ओरलला शिकले नाही इतकं शिकले. मामांनी चक उतरवला, स्पिंडलच्या आतला टेपर फडक्याने पुसला आणि त्यावर डायलचं टोक टेकवलं. हाताने स्पिंडल फिरवला. काटा एक घर हलला, म्हणजे 0.01 मिलिमीटर. मशीन ठणठणीत! मग तीन जबड्यांचा चक चढवला आणि आमचा मँड्रेल त्यात धरला. काटा आठ घरं हलला. मग टेलस्टॉकचं रिव्हॉल्व्हिंग सेंटर हळूच टेकवून दांड्याच्या मध्यावर डायल लावला, तर नऊ घरं. "आता तुम्ही पोरं आवळता तसं आवळ," म्हणाले. मी टेलस्टॉकचं चाक नेहमीसारखं गच्च फिरवलं. सतरा! मग लाकडाचे तुकडे ओवून नट पाना लावून घट्ट केला. सव्वीस. म्हणजे 0.26 मिलिमीटर. नखाला याच्या निम्मंसुद्धा सहज लागतं.

मामा एवढंच म्हणाले, "मशीन एक घर चुकलं. बाकीची पंचवीस कुणाची?"

आता मुद्द्यावर येते. यंदा क्लबकडे थोडे पैसे आहेत आणि मेसमध्ये रोज रात्री वाद चाललाय की मँड्रेल मशीनवर धरायचा कसा आणि त्यासाठी काय विकत घ्यायचं. तीन पक्ष पडलेत. प्रत्येकाची बाजू मी प्रामाणिकपणे मांडते आणि मग माझं मत सांगते.

पहिला पक्ष म्हणतो, आहे तेच चालू द्या. सरळ दांडा तीन जबड्यांच्या चकमध्ये, दुसरं टोक सेंटरवर. खर्च शून्य. पण जरा विचार करा. चकने दांडा नुसता टेकवलेला नसतो, तो आवळून एका दिशेला रोखलेला असतो. दुसरीकडे सेंटर त्याला स्वतःच्या रेषेत ओढतं. या दोन रेषा जुळल्या नाहीत (आणि जुन्या तीन जबड्यांच्या चकमध्ये त्या सहसा जुळत नाहीत) तर बिचारा दांडा प्रत्येक फेऱ्यात वाकतो. एका नोकराला दोन मालक! शिवाय टेलस्टॉकचं चाक जितकं आवळाल तितका तो दाबला जातो. आपण एसओएममध्ये ऑयलरचा कॉलम घोकतो आणि वर्कशॉपचा ॲप्रन घातला की विसरतो. दांडा कोसळायला क्रिटिकल लोड लागेल, पण आधीच किंचित वाकलेला दांडा अजून वाकायला इतक्या लोडची गरज नसते. आणि लाकडाचं तोंड नळीशी काटकोनात नसेल तर नट आवळताना बुश तिरके बसतात आणि ते दांड्याला आणखी वाकवतात. आमची सव्वीस घरं अशी जमली होती.

दुसरा पक्ष मोर्स टेपरवाल्यांचा. यात मँड्रेलचं मागचं टोकच निमुळतं असतं, ते चकशिवाय थेट स्पिंडलमध्ये बसतं. स्टीफन मोर्स या अमेरिकन माणसाने 1860 च्या दशकात ही निमुळत्या मापांची पद्धत आणली आणि आजही आपल्या ड्रिलपासून टेलस्टॉकपर्यंत सगळीकडे तीच आहे. उतार साधारण 20 ला 1, म्हणून एकदा दाबून बसवला की घर्षणानेच धरून राहतो. कल्पना उत्तम आहे, कारण चकची आठ घरं यातून वजा होतात. पण दोन अडचणी. बाजारात मिळणारे मँड्रेल बहुतेक दोन नंबर टेपरचे, लाकूडकामाच्या छोट्या लेथसाठी केलेले. आपल्या चार नंबरच्या स्पिंडलचं भोक त्याहून बरंच मोठं, म्हणून मध्ये स्लीव्ह घालावी लागणार. जितके सांधे जास्त, तितक्या चुकायच्या जागा जास्त. टेपरमध्ये एक बारीकशी चीप अडकली तरी दांडा तिरका बसतो, आणि आपण साफसफाई किती करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे! दुसरी अडचण म्हणजे दांडा तोच राहतो. तितकाच बारीक, तितकाच लांब, आणि टेलस्टॉकने तितकाच दाबलेला.

याच पक्षातले काही जण कॉलेट चकवर अडून बसलेत. कॉलेट दांड्याला सगळ्या बाजूंनी सारखा पकडतो आणि दांडा आत सरकवून हवा तेवढाच बाहेर ठेवता येतो. हा फायदा खरा आहे. त्याच जोराला दांडा किती वाकतो ते लांबीच्या घनावर ठरतं. लांबी निम्मी केली तर वाक आठपट कमी. टेलस्टॉकला पोकळ सेंटर लावायची युक्तीही चांगली आहे. त्यात दांडा सेंटरच्या आत मोकळा जातो आणि दाब दांड्यावर न येता बुशवर येतो. पैसा भरपूर असता तर मी या पक्षाला मत दिलं असतं. पण क्लबचा सगळा निधी एका कॉलेट चकमध्ये घालून किटं उधारीवर आणायची, हे मला पटत नाही.

तिसरा पक्ष सध्या माझा आणि माझ्या रूम पार्टनरचा, आणि ती इलेक्ट्रॉनिक्सची आहे, म्हणजे मत अर्धंच धरा. आमचं म्हणणं असं की मँड्रेल कसा धरायचा हा प्रश्नच चुकीचा आहे. मँड्रेल काढूनच टाका! पेनाचा तुकडा सरळ दोन सेंटर्सच्या मध्ये धरा.

यात नवीन काही नाही. पहिल्या वर्षी टर्निंग शिकताना 'बिटवीन सेंटर्स' लिहून सगळ्यांनी मार्क मिळवलेत. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे तर आठवीच्या भूमितीत. हेडस्टॉकला एक टोकदार सेंटर, टेलस्टॉकला दुसरं, आणि मध्ये नळीच्या दोन्ही टोकांना बसणारे दोन बुश, ज्यांच्या बाहेरच्या बाजूला 60 अंशांचा खळगा आहे. ना दांडा, ना नट. तुकडा त्या दोन टोकांवर फिरतो आणि दोन्ही टोकं नळीच्या अक्षावर असतात, म्हणून लाकूड नळीभोवतीच गोल होतं. भांडायला तिसरं कोणी मध्ये नाही. टेलस्टॉक थोडा सरकलेला असला तरी काय होईल? कॅरेजने कापलेलं काम किंचित निमुळतं होईल, पण नळीभोवती गोलच राहील. टेलस्टॉक सरकवून टेपर टर्निंग करतात ते याच आधारावर. तो निमुळतेपणा बुशच्या मापाने लगेच दिसतो आणि काढता येतो.

सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. तुकडा काढा, कडी लावून बघा, पटलं नाही तर परत चढवा. तो त्याच अक्षावर परत येतो. तीन जबड्यांच्या चकमधून एकदा काढलेलं काम पुन्हा त्याच जागी बसवून दाखवा, मी मेसमध्ये महिनाभर तुमची चपाती वाढीन.

"पण हेडस्टॉकला सेंटर आणणार कुठून?" हा प्रश्न सिनियर्सनी विचारला. उत्तर मामांनी दिलं. एमएसचा 20 मिलिमीटरचा तुकडा त्याच बदनाम चकमध्ये पकडायचा, कंपाउंड रेस्ट 30 अंशांत फिरवायचा आणि तुकड्याला 60 अंशांचं टोक काढायचं. बस्स. चक आठ घरं चुकलेला असला तरी हे टोक स्पिंडलच्या अक्षावरच येतं, कारण ते तिथेच, फिरता फिरता कापलंय. अट एकच, काम संपेपर्यंत तो तुकडा चकमधून काढायचा नाही. काढलाच तर परत लावल्यावर हलका कट मारून घ्यायचा. बुशही आम्ही घरचेच केले. एकाच पकडीत तोंड साफ, सेंटर ड्रिलने खळगा, बाहेरचा व्यास, त्यामागे नळीत शिरणारा बारीक भाग, आणि मग पार्टिंग. एका पकडीत केल्यामुळे सगळे व्यास एकाच अक्षावर राहतात. खर्च विचाराल तर भंगारातला तुकडा आणि दोन दुपारी.

आता याची वाईट बाजू, नाहीतर म्हणाल हिने जाहिरातच केली. एका वेळी एकच तुकडा होतो, म्हणजे एका पेनासाठी दोनदा चढवा-उतरवा. तुकडा फक्त टोकांच्या घर्षणाने फिरतो, तेव्हा हावरटासारखा मोठा कट घेतला की तो जागच्या जागी थांबतो. (मला वाटतं हा दोष नाही, शिक्षण आहे. निदान तुकडा फुटून अंगावर येत नाही.) आणि शेवटी बुश काढून सेंटर थेट पितळी नळीत टेकवून पॉलिश करायचं असेल तर हात हलका हवा, नाहीतर नळीचं तोंड पसरतं आणि कडी ढिली बसते. माझ्या हातून एक असं झालंय.

वेळेचा हिशेब मात्र आम्ही ठेवला. जुन्या पद्धतीने एक पेन सरासरी 25 मिनिटांत व्हायचं. 22 पेनांना 550 मिनिटं, त्यातली चांगली 13, म्हणजे एका चांगल्या पेनाला 42 मिनिटं. नव्या पद्धतीने एका पेनाला 35 मिनिटं लागतात. आतापर्यंत 14 केली, एक लाकडाच्या गाठीपाशी तडकलं. 490 मिनिटं, चांगली 13. एका चांगल्या पेनाला 38 मिनिटं. जे हळू वाटत होतं तेच लवकर झालं. फेकलेल्या पेनांचा वेळ आपण कधी मोजतच नाही!

म्हणून माझं मत असं. क्लबने या वर्षी कुठलाही मँड्रेल विकत घेऊ नये. ते पैसे चांगल्या किटांवर, एका नव्या व्हर्निअरवर आणि ड्रिलवर घालवावेत. पुढे कधी शंभर पेनांची ऑर्डर आली तर कॉलेट आणि पोकळ सेंटरचा विचार जरूर करावा. प्रत्येक कामाला एकच पद्धत असा माझा हट्ट नाही. पण निवडताना दोन प्रश्न विचारावेत. हे काम कुठल्या अक्षावर फिरतंय, आणि त्याला वाकवणारा जोर कुठून येतोय? कॅटलॉगमधल्या फोटोकडे बघून निवडू नये, आणि 'सिनियर्सनी असंच केलं होतं' म्हणून तर नाहीच नाही.

दुसरं मत स्टाफसाठी, नम्रपणे. पहिल्या वर्षाला आपण जॉब तपासतो, मार्क देतो, जर्नलवर सही करतो. पण जॉब चुकला तर का चुकला हे डायल लावून शोधायला कुणी लावत नाही. मला टीईपर्यंत कुणी लावलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. एक प्रॅक्टिकल याचंच ठेवा ना. मशीन, चक, सेंटर, दांडा आणि शेवटी स्वतःचा हात, एकेक करून मोजायचं आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती घरं येतात ते लिहायचं. एक दुपार पुरेल. त्यामुळे रजिस्टरमध्ये खोटी वाक्यं लिहिली जाणार नाहीत.

हो, खोटी. मुद्दाम लिहिलेलं नव्हतं, पण न मोजता लिहिलेलं होतं. इंजिनियरच्या सहीखाली त्या दोन्हींत फार फरक नसतो असं मला आता वाटतं. मी सरांकडे जाऊन सांगितलं. सर रागावले नाहीत, पण म्हणाले, "तोंडी नको, मोजमापासकट लेखी दे." आम्ही वाचनं घेऊन अर्ज दिला. स्पिंडल 0.01, चक 0.08, बाकी चूक जोडणीची. रजिस्टरमधल्या माझ्या जुन्या वाक्यावर एक रेघ मारली, खाली खरं काय ते लिहिलं, तारीख घातली, सही केली. चार नंबर यादीतून निघेल की नाही ते अजून ठरलेलं नाही. समितीची बैठक परीक्षेनंतर आहे. कदाचित यादी तशीच राहील आणि माझ्या एका ओळीची किंमत एक चांगलं मशीन असेल. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लपवून तरी काय करू.

मामांसाठी पेन तयार आहे. त्याच सागवानी स्टुलाच्या पायाचं, चार नंबरवरच केलेलं, दोन सेंटर्सच्या मध्ये. निरोप समारंभाआधी दाखवायचं नव्हतं, पण त्यांनी टेबलावर बघितलंच. उचललं, सांध्यावरून अंगठ्याचं नख पूर्ण गोल फिरवलं. मग एकदा उलट दिशेने. आणि परत ठेवून म्हणाले, "क्लिपची बाजू अजून अर्धा पेपर माग."

तेव्हा अर्धा पेपर अजून बाकी आहे. दर शनिवारी दुपारी तीनला आम्ही चार नंबरवर असतो. ज्यांना माझं मत पटलं नाही त्यांनी आपला मँड्रेल घेऊन यावं. वाद घालू, पण डायल लावून.